काकडीची रोपं आणि सात वर्षं

'काकडीची चोरी आणि फाशीची शिक्षा' ही म्हण आपण इतक्या सवयीने वापरतो, की ती कुणाच्या तरी आयुष्यात जवळजवळ शब्दशः घडली असेल हे मनातही येत नाही. इंग्लंडमध्ये १७८० च्या दशकात थॉमस चॅडिक नावाचा एक माणूस, मूळचा वेस्ट इंडीजचा, कुणाच्या तरी परसबागेत शिरला आणि त्याने काकडीची बारा रोपं उपटली. काकड्याही नाहीत, नुसती रोपं. त्याला फाशी झाली नाही, सात वर्षं समुद्रापार धाडायची शिक्षा झाली. म्हणीपेक्षा न्यायाधीश दयाळू निघाला म्हणायचा.

चॅडिक ज्या ताफ्यातून गेला तो ११ जहाजांचा ताफा १३ मे १७८७ रोजी पोर्ट्समथहून निघाला आणि २६ जानेवारी १७८८ रोजी आज जिथे सिडनी आहे तिथे नांगर टाकून उभा राहिला. त्यावर सातशेहून जास्त कैदी होते. जेम्स ग्रेस, चोरी केली तेव्हा वय ११: दहा यार्ड रिबीन आणि रेशमी मोज्यांचा एक जोड. जॉन वाइजहॅमर, वय १५: औषधाच्या दुकानातून तपकिरीची एक पुडी. विल्यम फ्रान्सिस: एक पुस्तक, तेही टोबॅगो बेटाच्या भरभराटीविषयीचं (त्याला वाचायचं होतं की विकायचं होतं, देव जाणे). एलिझाबेथ बेकफर्ड, सत्तरी गाठलेली बाई: बारा पौंड, म्हणजे साडेपाच किलोच्या आसपास चीज. एलिझाबेथ पौली, २२ वर्षांची, हाताला काम नसलेली: एका घराच्या स्वयंपाकघरातून थोडं खारवलेलं मांस, पीठ, मनुका आणि लोणी. हिला तर आधी फाशीच सुनावली होती.

ही यादी वाचून जीव कळवळतो. पण हळहळण्यासाठी मी हा विषय काढलेला नाही. १ जुलै २०२४ पासून आपल्याकडे भारतीय न्याय संहिता लागू झाली. त्यात पाच हजार रुपयांच्या आतली चोरी, पहिलाच गुन्हा आणि माल किंवा त्याची किंमत परत, असं असेल तर आरोपीला तुरुंगाऐवजी समाजसेवेची शिक्षा सांगितली आहे. यावर चहाच्या टपरीपासून वकिलांच्या बाररूमपर्यंत दोन मतं ऐकू येतात. एक म्हणतं, चोरांचे लाड चाललेत. दुसरं म्हणतं, चला, कायद्याला माणुसकी सुचली. दोघांचंही लक्ष निकालपत्रातल्या आकड्यावर आहे. माझं म्हणणं असं की किरकोळ चोरीच्या बाबतीत निकालपत्रातला आकडा कधीच पुरा नसतो. त्यापुढची शिक्षा आरोपीच्या खिशात किती पैसे आहेत आणि ओळखीची माणसं किती अंतरावर आहेत यावर ठरते, आणि ती कुठल्याही कलमात छापलेली नसते. हे नीट पाहायचं असेल तर त्या ११ जहाजांकडे पाहावं. तिथे हा हिशेब अगदी उघडा पडलेला आहे.

आधी त्या काळच्या कायद्याबद्दल थोडं. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये फाशीला पात्र ठरणारे गुन्हे दोनशेच्या घरात पोचले होते. दुकानातून पाच शिलिंगांचा माल गुपचूप उचलला, फाशी. राहत्या घरातून ४० शिलिंगांची चोरी, फाशी. इतक्या लोकांना फासावर लटकवायला ज्युरीतल्या माणसांचंही मन होईना. मग त्यांनी एक युक्ती काढली. चोरलेल्या मालाची किंमत ते ३९ शिलिंग ठरवत. समोर दहा पौंडांचा, म्हणजे दोनशे शिलिंगांचा ऐवज असला तरी ३९. ब्लॅकस्टन या थोर कायदेपंडिताने याला एक प्रकारची 'पुण्यप्रद खोटी शपथ' म्हटलं आहे. खोटं बोलून जीव वाचवायचा, आणि वाचलेल्या जिवाचं करायचं काय हा प्रश्न उरला की त्याला समुद्रापार पाठवायचं. शिक्षेचं हे सगळं यंत्र दयेच्या वंगणावर चालत होतं. हद्दपारी हा फाशीचा सौम्य पर्याय म्हणून पुढे आला, आणि सौम्य म्हटल्यावर त्यातलं काही कुणी फारसं तपासलं नाही.

सरकारच्या दृष्टीने तर ही 'सुंठीवाचून खोकला गेला' अशी सोय होती. १७१८ च्या कायद्यापासून पन्नास हजारांच्या आसपास कैदी अमेरिकेतल्या वसाहतींत पाठवले गेले. तिथे मळेवाले त्यांना मजूर म्हणून विकत घेत. वसाहतींनी बंड केलं आणि ते गिऱ्हाईक गेलं. न्यायाधीश मात्र सवयीने 'अमेरिकेला सात वर्षं' असे निकाल देतच राहिले. जायला जागा नाही, म्हणून थेम्स नदीत आणि बंदरांत जुनी, शिडं उतरवलेली जहाजं उभी केली आणि कैदी त्यांत कोंबले. आणि इथेच सात वर्षांचा हिशेब बिघडायला लागला.

जेम्स रूसचं उदाहरण घ्या. कॉर्नवॉलचा शेतमजूर. १७८२ मध्ये घरफोडीत दोन चांदीची घड्याळं आणि इतर काही वस्तू पळवल्याबद्दल आधी फाशी, मग दया येऊन सात वर्षं आफ्रिकेला. आफ्रिकेला कुणी नेलंच नाही. पाचेक वर्षं प्लिमथच्या बंदरातल्या अशाच एका तरंगत्या तुरुंगात गेली. सिडनीला उतरला तेव्हा त्याच्या शिक्षेचं दीड वर्ष उरलं होतं. दीड वर्षाची शिक्षा भोगायला माणूस आठ महिन्यांचा प्रवास करून पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला! आणि मुदत संपल्यावर? परत आणायची जबाबदारी सरकारवर नव्हती. जायचं जहाज सरकारी खर्चाने, यायचं ज्याचं त्याने बघावं.

या एका ओळीत सगळी गोम आहे. निकालात 'सात वर्षं' लिहिलं होतं, पण परतीचं भाडं ज्याच्याकडे नाही त्याच्यासाठी ती जन्मठेप होती. पुरुषाला निदान एखाद्या जहाजावर खलाशी म्हणून काम करत परतायची संधी असे. बाईला तीही नव्हती. ऑस्ट्रेलियाला १७८८ पासून १८६८ पर्यंत गेलेल्या एक लाख बासष्ट हजारांच्या आसपास कैद्यांमध्ये बायका पंचवीस हजारांच्या घरात होत्या. सात वर्षांची शिक्षा झालेल्या बाईला आणि जन्माची शिक्षा झालेल्या बाईला, घरच्या दाराच्या हिशेबात, फरक तो काय राहिला?

पुढची गोष्ट तर एखाद्या सरकारी कचेरीत हेलपाटे घातलेल्या माणसाला लगेच पटेल. पहिल्या ताफ्याबरोबर कैदी आले, बी-बियाणं आलं, हत्यारं आली, पण कुणाची शिक्षा कधी सुरू झाली आणि कधी संपते याचे कागदच आले नाहीत. ते इंग्लंडमध्ये राहिले. नव्या वसाहतीचा गव्हर्नर आर्थर फिलिप याला लंडनला लिहून ते मागवावे लागले, आणि पत्राचं उत्तर यायचं म्हणजे दीड-दोन वर्षं. तोवर कैदी येऊन सांगत, साहेब, माझी मुदत भरली. साहेब म्हणणार, कागद दाखव. १७८९ मध्ये अशीच मुदत भरल्याचा दावा करणाऱ्या एका कैद्याने लेफ्टनंट गव्हर्नरच्या तोंडी काही शब्द घातले, असा त्याच्यावर ठपका आला. शिक्षा काय, तर सहाशे फटके आणि सहा महिने पायांत बेड्या. म्हणजे स्वतंत्र झालो असं सांगायला गेलेला माणूस पुन्हा कैदी होऊन बाहेर पडला.

विल्यम ब्रायंटने वेगळा मार्ग धरला. हाही कॉर्नवॉलचा, कोळी. सात वर्षांची शिक्षा मार्च १७८४ मध्ये झालेली. २८ मार्च १७९१ च्या रात्री तो बायको मेरी, दोन लहान मुलं आणि आणखी सात कैद्यांना घेऊन गव्हर्नरच्याच होडीतून पळाला. तारखा पाहा: सात वर्षं भरली होती. या माणसाला पळपुटा कैदी म्हणायचं, की भाडं नसलेला मोकळा माणूस? उघड्या होडीतून दोनेक महिन्यांत पाच हजार किलोमीटर पार करून ही मंडळी तिमोर बेटाला पोचली, आणि तिथे पकडली गेली. विल्यम आणि धाकटा मुलगा बटाव्हियात (आजच्या जकार्तात) मेले, मुलगी परतीच्या जहाजावर गेली. मेरी एकटी लंडनच्या न्यूगेट तुरुंगात पोचली. जेम्स बॉसवेल या लेखकाने तिच्यासाठी रदबदली केली आणि १७९३ मध्ये तिला माफी मिळाली. तिचा मूळ गुन्हा होता वाटेत एका बाईला अडवून तिची रेशमी टोपी आणि काही चीजवस्तू हिसकावल्याचा.

आता जहाजांचं. १७९० मध्ये दुसरा ताफा गेला तो खासगी ठेकेदारांच्या मार्फत, गुलामांच्या व्यापारात मुरलेल्या एका पेढीकडून. दर ठरला माणशी १७ पौंड ७ शिलिंग ६ पेन्स, आणि तो जहाजावर चढवलेल्या डोक्यामागे. उतरवलेल्या डोक्यांचा करारात हिशेबच नव्हता. व्यवहार समजणाऱ्या माणसाला पुढचं सांगायला नको. वाटेत मेलेल्याचं रेशन वाचत होतं. हजाराच्या आसपास कैद्यांपैकी अडीचशेहून जास्त वाटेतच गेले. पुढे जिवंत उतरवण्यावर पैसे बांधले, जहाजावर डॉक्टर नेमून त्याला अधिकार दिले, आणि मृत्यू झपाट्याने कमी झाले. समुद्र तोच, कैदीही तसलेच. तरी त्या अडीचशे माणसांना सात किंवा चौदा वर्षांऐवजी मृत्युदंड मिळाला तो एका कराराच्या शब्दरचनेमुळे, आणि त्यावर कुठल्याही न्यायाधीशाची सही नव्हती.

एवढ्यावरून कुणी म्हणेल, त्या काळचे लोकच निर्दय. ते मला मान्य नाही, आणि म्हणूनच सुझॅना होम्सची हकीकत सांगायला हवी.

सुझॅना नॉरफक परगण्यातली कामकरी मुलगी. एका घरातून कपडे आणि काही चांदीचे चमचे चोरले म्हणून फाशी, मग चौदा वर्षं हद्दपारी. नॉरिचच्या किल्ल्यातल्या तुरुंगात तिला हेन्री केबल भेटला. तो घरफोडीतला कैदी. त्याच गुन्ह्यात त्याच्या बापाला फाशी झालेली. दोघांचं जमलं, १७८६ मध्ये तुरुंगातच मुलगा झाला. लग्नाची परवानगी मागितली, ती मिळाली नाही. थोड्या महिन्यांनी हुकूम आला: सुझॅनाला प्लिमथला न्या. जॉन सिम्पसन नावाचा तुरुंगाचा शिपाई तिला आणि तान्ह्या पोराला घेऊन गेला. तिथल्या जहाजाच्या कप्तानाने सांगितलं, बाईचा कागद आहे, पोराचा नाही. बाई घेतली, पोर ठेवून घ्यायला नकार दिला.

या सिम्पसनचं काय सांगावं! कागदाप्रमाणे त्याचं काम संपलं होतं. त्याने पोर मांडीवर घेतलं, घोडागाडीने लंडन गाठलं, वाटेत त्याला भरवलं, आणि थेट गृहमंत्री लॉर्ड सिडनीला गाठून सगळी हकीकत सांगितली. लॉर्ड सिडनीने हुकूम काढला: पोर आईकडे द्या, आणि बापालाही त्याच जहाजाने पाठवा. बातमी वर्तमानपत्रांत आली. लोकांनी वर्गणी काढून वीसेक पौंडांचं सामान या कुटुंबासाठी घेतलं. ज्या समाजाने चमच्यांसाठी हिला फाशी सुनावली, त्याच समाजाने तिच्या पोरासाठी झबली-टोपरी पाठवली. माणसं निर्दय नव्हती. त्यांना सुझॅना दिसली तेव्हा ती विरघळली. दिसत नव्हती तोवर ती यादीतला एक क्रमांक होती.

गंमत पुढे आहे. ते गाठोडं ज्या 'अलेक्झांडर' जहाजावर चढवलं होतं, त्याच्यातून ते उतरलंच नाही. जहाजावरच्या कुणीतरी हात मारला होता. फाशीची शिक्षा झालेल्या गुन्हेगाराला इंग्लंडच्या कायद्याने कोर्टात दावा लावता येत नसे. कायद्याच्या दृष्टीने तो मेलेलाच. पण सिडनीत, जुलै १७८८ मध्ये, हेन्री आणि सुझॅना यांनी कप्तान डंकन सिंक्लेअरवर दावा ठोकला. ते शिक्षा झालेले गुन्हेगार आहेत याचा कागदोपत्री उच्चार टाळला गेला, खटला चालला, आणि १५ पौंडांचा निकाल त्यांच्या बाजूने लागला. ऑस्ट्रेलियातला हा पहिला दिवाणी दावा. चमचेचोर बाईच्या चोरीला गेलेल्या मालाची भरपाई जहाजाच्या कप्तानाने केली! हेन्री पुढे सिडनीचा मुख्य कॉन्स्टेबल झाला, जहाजांच्या धंद्यात पैसा मिळवला. कॉन्स्टेबलपदावरून त्याला काढलं तेही मजेशीर कारणाने: नियम मोडून डुकरं आणवली म्हणून.

आता विरोधी बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा. लोक म्हणतात, बघा, भलंच झालं की त्यांचं. इंग्लंडात राहिले असते तर गटारात मेले असते. हेन्री केबल श्रीमंत झाला. जेम्स रूसला फिलिपने पॅरामॅटाला जमीन, बियाणं आणि झोपडी देऊन बघितलं, आणि १७९१ च्या फेब्रुवारीत तो म्हणाला, आता मला सरकारी रेशन नको. मग त्याला तीस एकर मिळाले. पोराच्या वेशात घोडा चोरताना सापडलेली मेरी रीबी आज ऑस्ट्रेलियाच्या वीस डॉलरच्या नोटेवर आहे. हे सगळं खरं आहे. पण यातून काय सिद्ध होतं ते नीट बघायला हवं. रूस शेतकरी झाला तो फटक्यांमुळे किंवा आठ महिन्यांच्या प्रवासामुळे नाही. त्याला जमीन, बी आणि पहिलं पीक हाती येईपर्यंत धान्य मिळालं म्हणून. तेवढंच त्याला कॉर्नवॉलमध्ये दिलं असतं तर दोन घड्याळं बहुधा मालकांच्या खिशातच राहिली असती. शिवाय ती तीस एकर जमीन फिलिपच्या घरची नव्हती. ती बुरामत्तगल लोकांची होती, ज्यांच्या नावाचा अपभ्रंश 'पॅरामॅटा' म्हणून आजही नकाशावर आहे. त्यांनी काय चोरलं होतं? आणि ज्यांचं 'भलं झालं' त्यांच्याच नोटा छापल्या जातात, हेही विसरू नये. चीज चोरलेली म्हातारी एलिझाबेथ बेकफर्ड सिडनीला पोचलीच नाही. वाटेतच वारली, तिला समुद्रात सोडलं.

आपल्याकडे वळू. आपल्या मनात समुद्रापारची शिक्षा म्हणजे अंदमान, आणि अंदमान म्हणजे क्रांतिकारक. ते स्वाभाविक आहे, पण त्यात एक मोठी रांग झाकली जाते. १८५८ मध्ये अंदमानची वसाहत सुरू होण्याच्या कितीतरी आधी मुंबई इलाख्यातले साधे कैदी ठाण्याच्या किल्ल्यातल्या तुरुंगात गोळा करून जहाजांवर चढवले जात. १८१५ ते १८३७ या काळात बंगाल आणि मुंबई इलाख्यांतून दीड हजारांच्या आसपास कैदी मॉरिशसला गेले आणि तिथले रस्ते त्यांनी बांधले. १८३६ मध्ये चार्ल्स डार्विन पोर्ट लुईला उतरला तेव्हा त्याने हे पांढऱ्या दाढ्यांचे हिंदी कैदी पाहिले. त्यांचा रुबाब पाहून तो चकित झाला. त्याने लिहून ठेवलंय की यातले बरेच खुनासारख्या गुन्ह्यांतले, पण काही असेही की ज्यांच्या कृत्याला नैतिक अपराध म्हणणं कठीण. आमच्याकडची कुठली गावं, कुठली आडनावं त्या रस्त्यांखाली गेली याची आठवण आपण ठेवलेली नाही. 'काळ्या पाण्यावर गेला' एवढं म्हटलं की घराने त्याच्या नावाने आंघोळ केली.

मुद्दा निव्वळ इतिहासाचा असता तर मी इथे थांबलो असतो. १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ७५ होतं. तीन वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या चोरीसारख्या गुन्ह्यात आधी दोषी ठरलेला माणूस पुन्हा तशाच गुन्ह्यात सापडला, तर त्याला जन्माचं काळं पाणी देता येई. १९५५ च्या दुरुस्तीने 'काळं पाणी' गेलं, त्या जागी 'जन्मठेप' आली. २०२३ मध्ये सगळा कायदा नव्याने लिहिला, वसाहतवादी खुणा पुसल्याचं सांगितलं गेलं. आणि कलम ७५? ते न्याय संहितेत कलम १३ होऊन बसलं आहे: दुसऱ्या खेपेला जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत तुरुंग. चोरीच्याच कलमात दुसऱ्या गुन्ह्याला एक ते पाच वर्षं अशी वेगळी तरतूद असताना हे का ठेवलं? कोणी म्हणेल, हे कलम वापरतंय कोण? वापरायचं नसेल तर काढायला कुणाचा हात धरला होता?

दुसरी खूण तडीपारीची. 'तड' म्हणजे काठ. तडीपार म्हणजे काठापलीकडे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ५५ ते ५७ खाली माणसाला जिल्ह्याबाहेर, कधी शेजारच्या जिल्ह्यांच्याही बाहेर, दोन वर्षांपर्यंत घालवता येतं. त्यातल्या काही गुंडांबद्दल मला अजिबात कळवळा नाही. गल्लीतल्या लोकांना त्यांच्या जाण्याने मोकळा श्वास मिळतो हेही खरं. पण कलम ५७ चोरीत आधी शिक्षा झालेल्यालाही लागू होतं. त्याचा रोजगार, बायको-पोरं, उधारी देणारा वाणी सगळे या काठावर, आणि तो त्या काठावर. तिथे जाऊन तो पोटासाठी काय करील अशी आपली अपेक्षा आहे? सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात बजावलं की तडीपारी हा असाधारण उपाय आहे, तो जपून वापरावा. जातीच जन्मजात गुन्हेगार ठरवणाऱ्या इंग्रजी अमलातल्या कायद्याखाली सोलापूरच्या तारेच्या कुंपणात पिढ्या घातलेल्यांना 'जपून' या शब्दाची किंमत जास्त कळेल.

पण किरकोळ चोरीचा सर्वांत मोठा न लिहिलेला दंड आज जामिनात आहे. आपल्या तुरुंगांतल्या दर चार माणसांपैकी तीन कच्चे कैदी आहेत, म्हणजे दोषी न ठरलेले. तालुक्याच्या कोर्टात मी काही वर्षं उठबस केली आहे. तिथे वारंवार दिसणारं चित्र असं: परजिल्ह्यातून आलेला विशी-बाविशीचा पोरगा, बांधकामावर नाहीतर हॉटेलात कामाला. कुणाचा तरी मोबाइल उचलला. जामीन लगेच मंजूर, पंधरा हजारांचा, एक स्थानिक जामीनदार. आता जामीनदार म्हणजे ज्याच्याकडे सातबारा आहे, नाहीतर ऐपतीचा दाखला आहे असा माणूस. या पोराला शहरात ओळखतो तो मुकादम, आणि मुकादमाने दुसऱ्याच दिवशी त्याच्या जागी दुसरा पोरगा लावलेला. घर परभणीला नाहीतर त्याहून लांब, आईला कोर्ट कुठल्या स्टँडवर उतरून गाठायचं हेही ठाऊक नाही. त्याच्यासाठी पुणे हेच सिडनी. जामीन मिळालेला माणूस महिनोन् महिने आत.

आणि पाच हजारांची मर्यादा? आज बरा मोबाइल पाच हजारांत येत नाही. म्हणजे जी चोरी सर्वांत जास्त होते ती समाजसेवेच्या दारातून बहुधा आत शिरतच नाही. पंचनाम्यात जुन्या, काच फुटलेल्या फोनची किंमत ४,९०० लावायची की १२,०००, यावर एका पोराचं वर्ष अवलंबून. ज्युरीतल्या ३९ शिलिंगांची आठवण मला इथे येते. फरक एवढाच की तिथला खोटा आकडा बारा माणसं उघड्या न्यायालयात बोलत, आणि इथला खरा-खोटा आकडा चौकीत एक हवालदार लिहितो. पाच हजारांच्या वरच्या साध्या चोरीला कमाल शिक्षा तीन वर्षं. नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ पहिल्यांदा सापडलेल्या कच्च्या कैद्याला कमाल शिक्षेच्या एक-तृतीयांश काळानंतर सोडायला सांगतं. चांगली तरतूद आहे. पण तिचा अर्थ असाही होतो की कुठलाही निकाल न लागता एक वर्ष आत गेलेलं चालतं.

नवे कायदे हवेत असं मी म्हणत नाही. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं आहे: जामिनाच्या हुकमाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तुरुंगात ई-मेलने पाठवा. सात दिवसांत माणूस सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं. महिन्याभरात जामीनदार मिळाला नाही तर कोर्टाने आपण होऊन अट सैल करण्याचा विचार करावा. स्थानिक जामीनदाराच्या हट्टानेच सुटका अडते हेही त्यात म्हटलं आहे. गरीब कैद्यांना जामिनासाठी पैसे देणारी केंद्राची योजना आहे. कागद तर सगळे आले आहेत. फिलिपची अडचण निदान ही नाही.

मग माझी मागणी साधी आहे आणि ती तालुक्याच्या कोर्टापासून सुरू होते. चोरीच्या प्रकरणात जामीन देताना पहिला पर्याय जातमुचलका, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्याच हमीवर सुटका, हा असावा. जामीनदार मागायचाच तर का मागितला ते दोन ओळींत लिहावं. पंचनाम्यातली किंमत कशावरून लावली तेही लिहावं. आणि जामिनाच्या प्रत्येक हुकमाखाली पुढची एक तारीख छापलेली असावी, महिन्यानंतरची, त्या दिवशी तो पोरगा अजून आतच असेल तर आरोपीच्या वकिलाने अर्ज न करता प्रकरण बोर्डावर यावं. शिरस्तेदाराने नाव पुकारावं, आणि न्यायाधीशांनी विचारावं, हा अजून इथे का आहे? सिम्पसनने लॉर्ड सिडनीच्या दारात उभं राहून वेगळं काही विचारलं नव्हतं, आणि ते विचारायला त्याला मांडीवर तान्हं पोर घेऊन लंडनपर्यंत जावं लागलं.